काळ्या मातीच्या बागेत वाळू का नको

काळ्या मातीत बाग करू पाहणाऱ्याला सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे 'वाळू मिसळा'. रोपवाटिकेत, शेजाऱ्यांकडून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून तो इतक्या खात्रीने दिला जातो की त्यावर शंका घ्यावी असे कोणाला वाटत नाही. चिकणमातीचे कण बारीक, वाळूचे जाड, तेव्हा दोन्ही एकत्र केले की मधल्या प्रतीची भुसभुशीत माती मिळेल, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही, आणि का घडत नाही हे नीट समजून घेतले तर भारी, म्हणजे चिकणमातीच्या, जमिनीत काय करावे याची बहुतेक उत्तरे त्यातूनच मिळतात.

आधी साधा हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल वाफ्यात १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास माती असते. विदर्भ-मराठवाड्यातील खोल काळ्या जमिनीत निम्मे कण चिकणमातीचे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. हे प्रमाण २० टक्क्यांवर आणायचे, तर त्या एका ब्रासात ढोबळमानाने दीड ब्रास वाळू मिसळावी लागेल. एवढी वाळू कोणी आणत नाही; चार-सहा पाट्या टाकल्या जातात. तेव्हा काँक्रीटमध्ये खडी जशी सिमेंटच्या लगद्यात रुतून बसते, तसे वाळूचे सुटे कण चिकणमातीत रुतून बसतात. वाळूमुळे हवा आणि पाणी खेळते ते तिच्या कणांमधल्या पोकळ्यांमुळे, आणि इथे तर त्या पोकळ्याच चिकणमातीने भरून गेलेल्या असतात.

परंतु खरे कारण याहून खोल आहे. काळ्या मातीचा स्वभाव तिच्या कणांच्या आकारापेक्षा त्या कणांच्या घडणीवर आणि त्यांच्यावरील विद्युतभारावर अवलंबून असतो.

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे, म्हणजे बेसाल्ट खडकाचे बनलेले आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेला, कोकणातही मोठ्या भागात हाच खडक आहे; तरीही तिथे जांभा आणि तांबडी माती, तर पूर्वेला काळी माती, असे का व्हावे? कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खडक झिजताना सुटणारी सिलिका, कॅल्शियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये धुवून नेतो. मागे लोहाची संयुगे आणि केओलिनाइट नावाचे, न फुगणारे खनिज उरते. पठारावर पाऊस त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच असल्याने ही द्रव्ये बरीचशी जागीच राहतात आणि त्यांतून स्मेक्टाइट गटातील खनिजे घडतात. त्यांतील सर्वांत परिचित नाव माँटमोरिलोनाइट.

या खनिजाचा प्रत्येक पापुद्रा तीन थरांचा असतो: वर आणि खाली सिलिकाचा थर, मध्ये ॲल्युमिनियमचा. तिन्ही मिळून जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश. मधल्या थरातील काही ॲल्युमिनियमच्या जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात. ॲल्युमिनियमचा धनभार तीन, मॅग्नेशियमचा दोन. त्यामुळे अशा प्रत्येक अदलाबदलीमागे एक धनभार कमी पडतो आणि पापुद्र्यावर ऋणभार शिल्लक राहतो. तो भागवण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मधल्या जागेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे धनभारित आयन (विद्युतभार असलेले अणू) येऊन बसतात. अभ्रकातही अशीच रचना आहे, पण तिथे ऋणभार मोठा असल्याने पोटॅशियमचे आयन पापुद्र्यांना घट्ट जखडून ठेवतात. स्मेक्टाइटमध्ये भार त्या मानाने कमी, पकड सैल. म्हणून पाणी आत शिरू शकते. पाण्याचे रेणू या आयनांभोवती जमतात, पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि हात जाईल अशा रुंद, कधीकधी मीटरभर खोल भेगा पडतात.

आतले-बाहेरचे सगळे पृष्ठभाग मोजले, तर एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस मीटर भरते. याचा अर्थ असा की अवघ्या सहा ग्रॅम स्मेक्टाइटमध्ये एका एकराहून अधिक पृष्ठभाग दडलेला असतो! सोलापूरकडची रब्बी ज्वारी पावसाळ्यानंतर निव्वळ जमिनीतल्या ओलीवर पिकते, ती या पृष्ठभागाच्या बळावर. मात्र याच पृष्ठभागाला चिकटलेले बरेचसे पाणी मुळांना ओढून घेता येत नाही; वातावरणाच्या दाबाच्या साधारण १५ पटींहून अधिक जोराने धरलेले पाणी बहुतेक झाडांच्या आवाक्याबाहेर असते. म्हणूनच काळ्या मातीत हाताला ओल लागत असतानाही रोप मान टाकते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट, म्हणजे पापुद्र्यांमध्ये नेमका कोणता आयन बसला आहे. दोन धनभारांचा कॅल्शियम शेजारच्या पापुद्र्यांना एकत्र बांधून ठेवतो. अंतर दोन नॅनोमीटरच्या आत वाढते आणि तिथेच थांबते. एक धनभाराच्या सोडियमला हे जमत नाही. पाणी मिळत गेले की सोडियमयुक्त पापुद्रे दूर दूर जात शेवटी सुटे होऊन पाण्यात तरंगू लागतात, मातीची रवाळ घडण मोडते आणि सुटलेले कण उरलीसुरली छिद्रे बुजवतात. आपल्या ऊसपट्ट्यात कालव्याच्या अतिरिक्त पाण्याने चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट आणि निचराहीन, झालेल्या जमिनींची शोकांतिका हीच आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे: तुरटीतील ॲल्युमिनियमचे तीन धनभार तरंगणाऱ्या ऋणभारित कणांना एकत्र आणतात.

यावरून एका रूढ समजुतीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. कोकणात नारळाच्या खड्ड्यात मीठ टाकण्याची पद्धत आहे. नारळाला क्लोराइडची गरज असते आणि तिथल्या न फुगणाऱ्या, धुवाधार पावसाच्या मातीत सोडियम टिकत नाही, म्हणून ते तिथे खपून जाते. तीच पद्धत घाटावर काळ्या मातीत आणणे म्हणजे आपल्या हाताने जमीन चोपण करणे होय. माती 'रातोरात भुसभुशीत' करणाऱ्या बाटलीबंद द्रवांवरही विश्वास ठेवू नये. आत काय आहे आणि ते पापुद्र्यांवर कसे काम करते, हे ज्यावर लिहिलेले नाही, ते विकत घेण्याचे कारण नाही.

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मात्र खरे औषध आहे, परंतु फक्त सोडियमच्या रोगावर. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निचरून जावा लागतो. निचराच नसेल तर जिप्समचाही उपयोग नाही. आपल्या मातीला ते हवे आहे का, हे घरी पाहता येते. ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या चाचणीचे हे सोपे रूप आहे. बोराएवढे कोरडे ढेकूळ काचेच्या पेल्यातील पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे आणि न ढवळता दिवसभर ठेवावे. भोवती दुधाळ ढग पसरला, तर सोडियमचा संशय घ्यावा आणि माती परीक्षण करून जिप्समची मात्रा ठरवावी. ढेकूळ ढासळून नुसता ढीग झाला आणि पाणी नितळ राहिले, तर कमतरता सेंद्रिय पदार्थाची आहे.

बहुतेक बागांत यांतला दुसरा, नितळ पाण्याचा निकाल येईल. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय पदार्थ, हा समज चुकीचा आहे. आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब (कार्बन) अनेकदा एक टक्काही नसतो. शेणखत, गांडूळखत, पाचोळा कुजताना जिवाणू आणि बुरशी चिकट द्रव्ये सोडतात. ती चिकणमातीच्या कणांना बांधून त्यांच्या गुठळ्या करतात आणि हवा व पाणी खेळते ते या गुठळ्यांच्या मधल्या जागेतून. वाळूने जे साधत नाही ते इथे साधते. आपल्या हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातो, म्हणून खत एकदा घालून भागत नाही. ते दरवर्षी घालावे लागते. मोकळ्या वाफ्यात ताग पेरून फुलोऱ्याआधी मातीत गाडणे, किंवा खोल सोटमुळाची तूर एक हंगाम घेणे, हेही उत्तम. जमीन पाचोळ्याने चार बोटे झाकलेली असेल तर उन्हाळ्यातील भेगा कमी होतात आणि त्या भेगांनी तुटणारी मुळे वाचतात.

मशागतीची वेळ ही भारी जमिनीतील सर्वांत मोठी युक्ती आहे आणि आपल्या शेतकऱ्यांना ती 'वापसा' या नावाने पूर्वापार ठाऊक आहे. मूठभर माती आवळून केलेला गोळा अंगठ्याच्या दाबाने फुटला तर वापसा आहे. चिकटला तर कुदळ ठेवून द्यावी. ओल्या मातीवर पाय किंवा अवजार पडले की चपटे कण एकमेकांना समांतर सरकून दाबले जातात आणि वाळल्यावर विटेसारखे टणक ढेकूळ उरते. मुहूर्त साधण्यासाठी चिखलात खड्डे खणून केलेल्या वृक्षारोपणात रोपांच्या मुळांना अशाच भिंती मिळतात. लागवडीची तिथी पंचांगाने नव्हे, वापशाने ठरवावी.

झाडासाठी खोल खड्डा खणून त्यात तळाशी खडी आणि वर हलकी माती भरणे, हीसुद्धा काळ्या जमिनीत घातक चूक आहे. भोवतालच्या फुगलेल्या मातीतून पाणी बाहेर जात नाही आणि पावसाळाभर त्या खड्ड्याचे टाके होते. खडीचाही उपयोग होत नाही, कारण वरच्या बारीक छिद्रांतील पाणी ती माती जवळजवळ संपृक्त झाल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळीत उतरत नाही. खड्डा त्याच मातीने, थोडे शेणखत मिसळून भरावा आणि झाड किंचित उंचावर लावावे. भाजीपाल्यासाठी वीतभर उंचीचे गादीवाफे आणि मधून सरी काढावी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने काळ्या जमिनींसाठी विकसित केलेली रुंद वरंबा-सरी पद्धत आज सोयाबीनसाठी वापरली जाते ती याच तत्त्वावर. पपईसारखे झाड, जे एक-दोन दिवस पाणी तुंबले तरी मरू शकते, ते तर वरंब्याशिवाय लावूच नये.

जास्वंद, लिंबू, गुलाब यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील, तर कारण बहुधा चुनखडी असते. काळ्या मातीत लोह भरपूर असते, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) आठच्या आसपास असला की ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. अशा झाडाच्या बुंध्याशी गंजलेले खिळे पुरण्याचा सल्ला निरर्थक आहे, कारण गंज म्हणजे तेच न विरघळणारे लोह. अशा मातीत ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून विरघळते ठेवलेले, लोह द्यावे. स्वस्तात मिळणारे ईडीटीए प्रकारचे लोह एवढ्या सामूला टिकत नाही, म्हणून खरेदी करताना पाकिटावरील नाव वाचून घ्यावे.