वाफ्याखालचं पाणी: गच्चीवरच्या एका युक्तीची पार्श्वभूमी

जळगाव-भुसावळकडच्या गच्च्यांवर हल्ली आडवा कापलेला निळा ड्रम आणि त्यात मेथी, पालक, भरताचं एखादं वांगं असं दिसू लागलंय. ड्रमच्या एका कोपऱ्यातून पीव्हीसी पाइपचा तुकडा वर आलेला असतो आणि बाजूला, तळापासून वीतभर उंचीवर, बोट जाईल एवढं भोक. पाणी झारीने वरून घालत नाहीत. पाइपातून तळाशी सोडतात, माती ते खालून ओढून घेते आणि भोकातून धार लागली की नळ बंद करायचा. इंग्रजीत याला ‘विकिंग बेड’ म्हणतात, म्हणजे वातीसारखं खालून पाणी ओढणारा वाफा; ड्रम हे त्याचंच छोटं रूप. व्हिडिओ बघून केलेली परदेशी कल्पना, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पाणी जमिनीखालून देणं आणि जादा पाण्याला वाट ठेवणं, ही दोन्ही कामं आपल्याकडे फार जुनी. नवा आहे तो पाणी न गळणारा तळ, आणि तो खान्देशात शेतीच्या वाटेने आला.

आधी मडक्याचं बघू. बिनचकाकीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्याने भरून झाकण ठेवायचं आणि भोवती वेल लावायचे, ही पद्धत चीनमध्ये इसवी सनपूर्व पहिल्या शतकात फान शेंगझीने आपल्या शेतीविषयक ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात तिच्यावर रीतसर प्रयोग केले. गंमत अशी की मडक्याला नळ नसतो, तरी ते पाणी मोजून देतं. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढते. ओली झाली की पाझर आपोआप मंदावतो. खान्देशात नव्या रोपाशेजारी मडकं पुरून त्याच्या बुडाच्या भोकात चिंधीची वात घालतात, ती याच जातीची युक्ती. वैशाखात पिंडीवर आणि तुळशीवर गळती लावायची सवय असलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मडक्याचा दोष एकच. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचून त्याची छिद्रं बुजतात आणि एक-दोन हंगामांनी ते नुसतं भांडं उरतं.

जादा पाण्याची गोष्ट पांझरेच्या काठी जाऊन बघावी लागते. धुळे-साक्रीकडे पांझरेवर आणि शेजारी बागलाणात मोसम, आराम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि खाली लाभक्षेत्राचे मोठमोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. सगळे गावानेच नेमलेले. पाणी कमी असलं की शेपटाकडच्या शेतकऱ्याला तोडायचं नाही. त्या वर्षी किती फड भिजवायचे तेच कमी करायचं, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची. आजच्या कुठल्याही पाणीवापर संस्थेने हेवा करावा अशी ही रचना होती, असं माझं मत आहे. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि फडांचा जोर ओसरला.

आपल्या ड्रमाच्या दृष्टीने फड पद्धतीतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे सांडवा, जादा पाण्याची वाट. शेतात शिरणाऱ्या पाण्याइतकीच शेतातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची सोय बघायची, उरलेलं पुन्हा नदीत सोडायचं. ड्रमच्या बाजूचं ते भोक म्हणजे सांडवाच. ते नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात तळाचं पाणी मुळांपर्यंत चढतं, माती दमट न राहता चिखल होते आणि झाड उभ्या उभ्या पिवळं पडतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही, ती अवस्था टिकवणं हेच या सगळ्या खटाटोपाचं काम.

मातीत पाणी वर का चढतं, याचं शास्त्र तसं अलीकडचं. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या एडगर बकिंगहॅमने १९०७ साली मातीतल्या ओलीच्या हालचालीवर जे लिहिलं, ते आजच्या मृदाभौतिकीचा पाया धरलं जातं. निरांजनातल्या वातीत तेल चढतं तसंच हे. कण जितके बारीक तितकं पाणी जास्त उंच चढतं, पण तितकंच सावकाश. म्हणून या वाफ्यात वरची माती साधारण ३० सेंटीमीटरच ठेवतात. त्याहून जाड थर केला तर वरचं बी कोरडंच राहतं.

आता तळ. जमिनीत खड्डा करून पाणी साठवायचं तर ते मुरून जाणारच. खान्देशातला पाटही कच्चाच होता आणि त्याच्या झिरप्यावर खालच्या विहिरी जगत. न मुरणारं स्वस्त अस्तर मिळायला प्लास्टिक यावं लागलं. जळगावात जैन उद्योगाने १९८०मध्ये पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली आणि त्या दशकाच्या शेवटी ठिबककडे मोर्चा वळवला. रावेर-यावलच्या केळीत मोकाट पाणी मागे पडून नळ्या आल्या, त्यानंतर शेततळी आणि त्यांच्या तळाला अंथरायचा प्लास्टिकचा कागद आला. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ची. आज ५०० मायक्रॉनच्या त्या कागदाचा उरलेला तुकडा, जुन्या नळ्या, पाइपाची टोकं असा ऐवज कुठल्याही खळ्यात पडलेला असतो. घरच्या वाफ्याला लागणारं जवळजवळ सगळं सामान त्यात आलं.

बाहेर मात्र याचा घाट आधी बसला. फ्लोरिडातला टोमॅटो पिकवणारा शेतकरी ब्लेक व्हिसेनंट याने १९९०च्या दशकात तळाशी पाणी असलेली पेटी बाजारात आणली. मोठ्या वाफ्याची कल्पना ऑस्ट्रेलियन अभियंता कॉलिन ऑस्टिनच्या नावावर सांगितली जाते. ऑस्ट्रेलियात १९९७ ते २००९ असा लांबलेला दुष्काळ पडला, बागेला पाणी घालण्यावर निर्बंध आले आणि परसबागा जमिनीखालच्या पाण्याकडे वळल्या. आपल्याकडे निर्बंध वेगळे. पारा ४५ अंशांवर, आणि नळाला पाणी किती दिवसांआड येईल ते नगरपालिकेलाच ठाऊक. एक चौरस मीटरच्या वाफ्यात तळाला १५ सेंटीमीटर वाळूचा थर दिला तर त्यात ५०-६० लिटर पाणी मावतं. मे महिन्यात भरलेला वाफा रोज ७-८ लिटर सहज पितो. म्हणजे आठवडा निघतो, आणि इथे लोकांना नेमका तेवढाच हवा असतो.

पण परदेशी आकृती जशीच्या तशी उचलली की इथे दोन-तीन ठिकाणी अडतं. आकृतीत तळाला मोठी खडी आणि वर कापड असतं. खडीतून पाणी चढत नाही. त्यामुळे एक तर भरड वाळू घालावी, नाहीतर मातीचा एखादा खांब कापडातून थेट तळापर्यंत सोडावा. हाच खरा वातीचा भाग, आणि आकृतीत तोच बहुतेकदा गाळलेला असतो. आपली काळी माती निव्वळ भरली तर ओली असताना गच्च बसते आणि सुकली की ड्रमच्या कडेपासून सुटून बोटभर भेग पडते. तिच्यात निम्म्याहून जास्त कोकोपीट आणि गांडूळखत लागतं. वजनाचा हिशोबही कुणी करत नाही. माती, वाळू, पाणी धरून असा वाफा चौरस मीटरला ७०० किलोच्या आसपास जातो. घराची गच्ची साधारण १५० किलोच्या हिशोबाने बांधलेली असते. खरं तर तो अंगणातच शोभतो. गच्चीवर न्यायचाच असेल तर लहान ड्रम, तेही खालच्या भिंतीच्या रेषेत, आणि इंजिनिअरला विचारून.

शेवटची अडचण क्षारांची. पाणी सतत खालून वर चढतं आणि वरून उडून जातं, क्षार मात्र मातीच्या तोंडाशी राहतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या वाफ्यात उन्हाळा सरता सरता कडेने पांढरी पपडी दिसते, पानांची टोकं करपतात. पाऊस इथे सरासरी ६०० ते ७०० मिलिमीटरच, पण ते पाणी वरून खाली जातं आणि क्षार धुऊन नेतं. म्हणून काही जण सांडव्याशिवाय अगदी तळाला दुसरं भोक ठेवतात. उन्हाळाभर त्याला बूच मारलेलं असतं. मृगाचा पहिला पाऊस पडला की ते काढतात आणि पोळ्यानंतर पुन्हा बसवतात.