दाढी कोरणे (घरगुती)

दाढी पूर्णपणे न उतरवता राखलेल्या केसांची लांबी ठरावीक ठेवणे, त्यांच्या कडा आखणे आणि केस व त्याखालची त्वचा स्वच्छ राखणे ही कामे ज्याची दाढी त्यानेच घरी, स्वतःच्या हाताने करण्याची पद्धत. तुळतुळीत दाढी करण्याहून ती वेगळी आहे. तेथे पाते त्वचेला टेकवून फिरवायचे असते, तर येथे ते त्वचेपासून नेमक्या अंतरावर राखायचे असते. हे अंतर हाताच्या कौशल्यावर न सोपवता साधनातच बसवून देणे, हे या पद्धतीच्या इतिहासातील मुख्य सूत्र होय. तिचे तंत्र आणि चुकीच्या कापणीतून उद्भवणारे त्वचाविकार यांचाही उलगडा त्याच सूत्राने होतो.

इतिहास : अश्मयुगीन माणूस शिंपल्याच्या कडेने किंवा गारगोटीच्या छिलक्यांनी दाढी काढीत असे, हे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते आणि त्याला तीस हजार वर्षांपूर्वीचा काळही दिला जातो. गारगोटीच्या ताज्या धारेने केस कापता येतात यात शंका नाही. परंतु सापडलेल्या पात्यांपैकी केसांसाठी वापरलेले कोणते, हे ठरविणे अवघड असल्याने हा काळ अंदाज म्हणूनच घ्यावा. भक्कम पुरावा धातूंच्या वापरानंतरचा आहे. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांत तांब्याचे व काशाचे वस्तरे मिळाले असून उत्तर युरोपातील कांस्ययुगीन दफनांतही वस्तरे आणि चिमटे आढळतात. एकच पट्टी वाकवून केलेली, दाबल्यावर आपोआप उघडणारी कात्री पश्चिम आशियात व इजिप्तमध्ये फार जुनी आहे. मधोमध खिळ असलेली कात्री मात्र सामान्यतः रोमन काळातील, इ. स. पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जाते.

लिखित उल्लेखांत दाढी हे बहुधा दुसऱ्याच्या हातचे काम दिसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१४२) वाऱ्याच्या साथीने भूमीवरून पसरत जाणाऱ्या अग्नीला दाढी उतरविणाऱ्या न्हाव्याची उपमा दिली आहे. थोरला प्लिनी हा रोमन लेखक व्हॅरो या त्याच्या आधीच्या रोमन विद्वानाच्या आधारे सांगतो, की इ. स. पू. ३०० मध्ये सिसिलीहून न्हावी प्रथम इटलीत आणले गेले. उघड्या वस्तऱ्याने किंवा लांब कात्रीने स्वतःचा गळा आणि जबड्याची खालची बाजू हाताळणे धोक्याचे होते व आरसेही लहान आणि अंधूक होते, हे लक्षात घेता यात नवल नाही. तथापि ज्यांना न्हावी उपलब्ध नव्हता ते स्वतःच दाढी छाटत असणार, हे गृहीत धरावे लागते. नोंद राहिली ती व्यावसायिकाच्या कामाची.

स्वतःची दाढी स्वतः करण्याचा शास्त्रशुद्ध विचार झां-झाक पेरे या फ्रेंच सुरी-कारागिराने १७६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पोगोनोतोमी’ या पुस्तकात आढळतो. स्वतः दाढी करण्यास शिकण्याची कला हाच त्याचा घोषित विषय होता. वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी कवच बसवून धारेचा केवळ निमुळता भाग बाहेर ठेवण्याची रचनाही पेरेच्याच नावावर आहे व ती त्याला सुताराच्या रंध्यावरून सुचली असे म्हणतात. या रचनेचा काळ काही ठिकाणी १७६२ असा, तर काही ठिकाणी त्यानंतरच्या दशकातील दिला जातो. पुस्तकाचे वर्ष निश्चित असल्यामुळे १७६०–७० हा दशकाचा काळ धरणे अधिक सुरक्षित होय. पुढे विल्यम हेन्सन याने १८४७ मध्ये मुठीशी काटकोनात बसणारे पाते आणि त्यापुढे दातेरी कठडा अशी रचना इंग्लंडमध्ये नोंदविली, १८८० मध्ये अमेरिकेतील कॅम्फे बंधूंनी तशाच सुरक्षित वस्तऱ्याचे एकस्व (पेटंट) घेतले आणि किंग कँप जिलेट याने पातळ, बदलता येणारे पाते आणून १९०४ मध्ये एकस्व मिळविले. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात त्याचे केवळ ५१ वस्तरे व १६८ पाती खपली, असे सांगितले जाते. या साधनांचा हेतू दाढी उतरविण्याचा असला, तरी राखलेल्या दाढीची गालावरची व मानेवरची कड घरीच साफ करणे त्यांच्यामुळे शक्य झाले.

केस छाटण्याच्या हातमशीनचा उगम अधिक वादग्रस्त आहे. दोन दातेरी पट्ट्या एकमेकींवर ठेवून, खालची स्थिर आणि वरची आडवी सरकती ठेवायची व दात्यांच्या फटीत शिरलेले केस कापायचे, अशी त्याची रचना असते. याचे श्रेय बहुतेक ठिकाणी निकोला बिझुमिच या मूळच्या सर्बियातील, नंतर लंडनमध्ये स्थायिक झालेल्या न्हाव्याला दिले जाते आणि काळ एकोणिसाव्या शतकाचा मध्य असा सांगितला जातो. परंतु या माहितीचा मोठा भाग नंतरच्या चरित्रपर लेखनातून आलेला आहे. दुसरीकडे पॅरिसच्या बारिकाँ ए मार या यंत्रनिर्मात्या कंपनीची हातमशीने त्याच शतकाच्या उत्तरार्धात जपानपर्यंत पोहोचली आणि तेथे त्या साधनाला कंपनीचेच नाव चिकटले. राइट बंधूंच्या विमानांसाठी फ्रान्समध्ये इंजिने तयार करणारी कंपनी हीच. दातेरी कठड्यातून आडव्या सरकत्या पात्याने कापण्याचे तत्त्व धान्यकापणीच्या यंत्रांत १८३०–४० या दशकातच वापरात आलेले होते. घोड्यांचे केस छाटण्याची मशीनेही एकोणिसाव्या शतकात प्रचलित होती. यावरून एखाद्या एकट्या संशोधकाचा शोध मानण्यापेक्षा, शेती आणि पशुपालन यांतील तत्त्व लहान आकारात उतरविण्याचे अनेकांचे प्रयत्न मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बिझुमिचचा वाटा त्यामुळे नाकारला जात नाही.

विजेवरच्या पहिल्या मशीनांत मोटार वेगळी असून लवचिक दांड्याने तिची गती पात्यापर्यंत नेलेली असे. अमेरिकेतील लिओ वॉल याने मोटार मुठीतच बसविलेल्या मशीनसाठी १९१९ मध्ये एकस्वाचा अर्ज केला. जेकब शिक याचा कोरडा विद्युत वस्तरा १९३० च्या सुमारास आला आणि फिलिप्स कंपनीने अलेक्झांड्र होरोविट्स याच्या रचनेचा फिरत्या पात्यांचा वस्तरा १९३९ मध्ये बाजारात आणला. आजचा घरगुती ट्रिमर हा केस छाटण्याचे मशीन आणि विद्युत वस्तरा या दोन परंपरांचा संकर असून पुनर्भारित विद्युत घटामुळे तो सार्वत्रिक झाला आहे.

केसांची वाढ : दाढीचे केस डोक्याच्या केसांहून जाड असून त्यांचा आडवा छेद अनियमित असतो. त्यांची वाढ अँड्रोजेनांवर (पुरुषी संप्रेरकांवर) अवलंबून असते. केशपुटकात (केस ज्यातून उगवतो त्या त्वचेतील पिशवीत) टेस्टोस्टेरोन या संप्रेरकाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये रूपांतर होणे त्यासाठी आवश्यक असते आणि हे रूपांतर घडविणारे विकर (एन्झाइम) जन्मतः सदोष असलेल्या पुरुषांना विरळ दाढी येते. वाढीचा वेग सरासरी दिवसाला ०.३ ते ०.४ मिमी. धरला जातो. म्हणजे ३ मिमी. लांबी ही साधारण आठ ते दहा दिवसांची वाढ होय. प्रत्येक केशपुटकाचा वाढीचा कालखंड वेगळा असल्याने काही केस विशिष्ट लांबीला थांबतात आणि काही वाढतच राहतात. न कापलेली दाढी कडेने विसकटलेली दिसते ती त्यामुळे.

वारंवार कापल्याने केस जाड व दाट येतात हा समज दृढ आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ स्त्रीने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित निरीक्षणांत केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग यांत फरक आढळला नाही. नैसर्गिक टोक निमुळते असते व कापलेले टोक बोथट, म्हणून नवा खुंट बोटाला राठ लागतो. वाढीवर इतर गोष्टींचा परिणाम होतो का, याविषयी ‘नेचर’मध्ये १९७० साली एका निनावी संशोधकाने दिलेले टिपण अनेकदा उद्धृत होते. दूरच्या बेटावर कामानिमित्त राहताना तो विद्युत वस्तऱ्यात साचलेला केसांचा भुगा रोज तोलत असे व लैंगिक सहवासाच्या अपेक्षेने वाढ वेगावते असा निष्कर्ष त्याने काढला. हे एकाच व्यक्तीवरील निरीक्षण असल्याने त्याला प्राथमिक संकेतापलीकडे वजन देता येत नाही.

तंत्र : लांबी छाटायची असेल तर दाढी धुऊन पूर्ण कोरडी करावी. पाण्याने केराटिन हे केसातील मुख्य प्रथिन फुगून मऊ होते, केस ताणला जातो आणि कुरळा केस सरळ भासतो. ओल्या अवस्थेत बरोबर वाटलेली लांबी वाळल्यावर आखूड ठरते. कडा पात्याने साफ करताना मात्र नेमके हेच गुणधर्म उपयोगी पडतात. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजविलेला केस कापायला बराच कमी जोर लागतो.

ट्रिमरवर बसविला जाणारा कंगवा पाते व त्वचा यांतील अंतर ठरवितो. जुन्या मशीनांच्या कंगव्यांवरील क्रमांक इंचाच्या आठव्या भागांत मोजलेले असतात. १ म्हणजे सुमारे ३ मिमी., २ म्हणजे ६, ४ म्हणजे १३. दाढीच्या ट्रिमरवर हल्ली थेट मिलिमीटर लिहिलेले असतात. मोठ्या कंगव्याने सुरुवात करून एकेक पायरी खाली यावे, कारण कापलेली लांबी परत आणता येत नाही. केस वाढीच्या उलट दिशेने कापल्यास तो कंगव्याच्या दात्यांवर उभा राहतो व लांबी समान येते. वाढीच्या दिशेने फिरविल्यास केस आडवा पडून तीच कंगव्याची पायरी अधिक लांब दाढी देते. गळ्यावर व जबड्याच्या कोनाशी केसांचे भोवरे असतात, तेथे दिशा बोटाने चाचपून पाहावी लागते.

मानेची कड आखणे हे घरगुती कामातील सर्वांत चुकणारे अंग होय. कंठमण्याच्या एक ते दोन बोटे वरून, दोन्ही बाजूंना कानामागच्या दिशेने वळत जाणारी रेषा सर्वसाधारणपणे योग्य ठरते. ती जबड्याच्या हाडावरच घेतली तर समोरून हनुवटीखाली उघडी त्वचा दिसते आणि दाढी चेहऱ्यावर चिकटविल्यासारखी वाटते. रेषा ठरविताना मान सरळ व नजर समोर असावी. हनुवटी वर केली की गळ्याची त्वचा ताणून सरकते आणि त्या अवस्थेत आखलेली कड मान खाली येताच दुसरीकडे दिसते. म्हणून सरळ मानेने मध्यबिंदू निश्चित करून, त्यानंतरच कापण्यासाठी हनुवटी उचलणे हा क्रम पाळावा. गालाची वरची कड शक्यतो नैसर्गिकच राहू द्यावी व तिच्या वरचे सुटे केस तेवढे काढावेत. दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या घेतल्या की एक बाजू दुसरीशी जुळविण्याच्या नादात दोन्ही आखूड होत जाण्याचा प्रकार टळतो. मिशी कोरडी असताना खाली विंचरून, वरच्या ओठाच्या कडेने मध्यापासून कोपऱ्याकडे लहान कात्रीने कोरतात.

त्वचाविकार : फार जवळून कापलेल्या दाढीत, विशेषतः केस कुरळे असल्यास, केसाचे टोक पुन्हा त्वचेत शिरून गाठी व पुळ्या येतात. याचे दोन प्रकार वर्णिले आहेत. पहिल्यात त्वचेबाहेर आलेला केस वळून शेजारी टोचतो. दुसऱ्यात त्वचा ताणून कापलेला केस पृष्ठभागाखाली मागे सरकतो आणि केशपुटकाची भिंत भेदतो. केराटिन ७५ या प्रथिनाच्या जनुकातील एका बदलाशी ही प्रवृत्ती निगडित असल्याचे आढळले आहे. उपाय मुख्यतः अंतराचाच आहे. सुमारे १ मिमी. खुंट ठेवून छाटल्यास दुसरा प्रकार टळतो. आणि केस काही आठवडे न कापता सेंटिमीटरभर वाढू दिल्यास रुतलेली टोके वाढत्या केसाच्या ताणामुळे आपोआप बाहेर येतात. पुळ्या जीवाणू संसर्गाने किंवा गजकर्णानेही येऊ शकतात; गजकर्णावर केवळ स्टेरॉइड मलम लावल्यास ते वरवर ओसरून पसरत राहते, म्हणून तपासणी करून घ्यावी.

निगा : दाढीखाली होणारा कोंडा हा बहुधा त्वचेवरील मॅलासेझिया यीस्टशी संबंधित असतो व केटोकोनॅझोल हे बुरशीनाशक असलेल्या शांपूने कमी होतो. साध्या साबणाने त्वचेचा नैसर्गिक स्निग्धांश निघून जातो. धुतल्यानंतर लावण्याच्या तेलांत होहोबा अधिक पसंत केले जाते, कारण त्यातील मेण-एस्टर मानवी त्वग्वसेतील (त्वचेतून स्रवणाऱ्या तेलातील) एस्टरांशी मिळतेजुळते असतात. तेलाने केस वाढत नाहीत.

पाते व ट्रिमर एकमेकांत वाटून वापरू नये. सूक्ष्म जखमांतून कावीळ ब व क यांचे विषाणू पसरू शकतात. वापरानंतर केस ब्रशने झाडून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून व वाळवून, चालू पात्यांवर मशीनचे तेल एक-दोन थेंब सोडावे. पाती सुटी करून धुतल्यास ती पुन्हा बसविताना सरकत्या पात्याचे दाते स्थिर पात्याच्या दात्यांच्या टोकांपेक्षा किंचित मागे राहतील असे पाहावे. ती रेषेत किंवा पुढे आली, तर कंगवा काढून कड घेताना ट्रिमर त्वचा चावतो.