प्रोटीनचा हिशेब आणि पोटातली धग

मुंबईत कुठल्याही मेडिकलच्या दुकानात जा, काउंटरमागे प्रोटीन पावडरचे डबे रचून ठेवलेले दिसतात. शेजारी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. डबा ताकदीसाठी, कॅप्सूल ‘इन्फ्लमेशन’साठी, म्हणजे दाहासाठी. जणू ही दोन वेगळी दुखणी आहेत. शरीरात मात्र दोन्हींचा संबंध एकाच जागी येतो, आणि ती जागा म्हणजे आपले स्नायू.

आधी प्रोटीनचा हिशेब करू, कारण जाहिराती तो करू देत नाहीत. मुलुंडहून फोर्टला नोकरीला जाणारी, 55 किलो वजनाची एक शाकाहारी बाई घ्या. सकाळी बशीभर पोहे, वर थोडे शेंगदाणे आणि कपभर चहा, यातून आठेक ग्रॅम प्रोटीन मिळतं. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, ते अकरा. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी पकडण्याआधी एक वडापाव, त्याचे सहा-सात. रात्री दोन पोळ्या, भात, पातळ वरण आणि भाजी, ते पंधरा-सोळा. एकूण झाले चाळीस-बेचाळीस.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020ची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे, म्हणजे हिच्यासाठी 46. तूट चार-पाच ग्रॅमचीच, असं वाटेल. पण हा आकडा उत्तम दर्जाच्या प्रोटीनचा आहे. जेवण मुख्यतः धान्यावर असेल तर किलोमागे 1 ग्रॅम धरायला सांगतात. प्रोटीन ज्यांच्यापासून बनतं ती अमिनो आम्लं. गहू-तांदळात त्यातलं लायसिन कमी असतं, आणि एक अमिनो आम्ल अपुरं पडलं की बाकीच्यांचाही पुरता उपयोग होत नाही. हिच्या चाळीस ग्रॅमपैकी निम्म्याहून जास्त पोळी, पोहे, पाव आणि भातातून आलेत. डाळीत लायसिन भरपूर असतं. डाळीत जे कमी, ते मेथिओनिन धान्यात असतं. वरण-भाताची जोडी उगाच टिकलेली नाही. फक्त त्यातलं वरण दिवसेंदिवस पातळ होत चाललंय, ही माझी जुनी तक्रार आहे.

तेव्हा खरी तूट बारा-पंधरा ग्रॅमची. बटाट्याच्या भाजीऐवजी वाटीभर मटकीची उसळ घेतली तर सातेक ग्रॅम, वाटीभर दह्यातून तीन-चार, आणि वरण घट्ट केलं तर आणखी तीन-चार. झाली बेरीज. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम येतात. इतक्यासाठी महिन्याला हजारो रुपयांची पावडर कशाला? (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.)

वय वाढलं की गणित बदलतं. म्हाताऱ्या स्नायूंना तेवढ्याच प्रोटीनमधून कमी बांधणी करता येते, म्हणून पासष्टीपुढच्या माणसांसाठी बरेच तज्ज्ञ किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. आणि आपल्याकडे नेमकं याच वयात ‘आता काय, रात्री दूधभात पुरतो’ सुरू होतं. सकाळी चहा-बिस्किट, रात्री दूधभात, आणि मग आजोबांना खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात.

स्नायू नुसते वजन उचलायला नसतात. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा तेच उचलतात. स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असेल तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे असलेला तो फोटो. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्याला न दिसणारं हे ‘बारीक पण चरबीदार’ शरीर आपल्याकडे घरोघरी सापडतं. हातपाय काटकुळे, पट्ट्याचं भोक मात्र दरवर्षी एकेक पुढे.

ही चरबी गप्प बसत नाही. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू तयार होतो, हे 1993 मध्ये दिसलं. फुगलेल्या चरबीपेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि जखम नसतानाही संदेश पाठवत राहतात. त्यातला इंटरल्यूकिन-6 यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपी नावाचं प्रोटीन रक्तात सोडतं. बोट कापल्यावर येणारी सूज चार दिवसांत उतरते. ही धग वर्षानुवर्षं राहते आणि स्नायूही झिजवते. स्नायू झिजले की साखर बाहेर राहते, चरबी वाढते, धग आणखी वाढते.

हृदयविकारात या धगीचा खरंच हात आहे का, यावर बराच काळ वाद होता. 2017 मध्ये दहा हजारांवर हृदयरुग्णांवर झालेल्या ‘कॅन्टोस’ चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करणारं औषध दिलं, आणि हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण त्याच औषधानं जीवघेणे जंतुसंसर्गही थोडे वाढले. दाह पुसून टाकायचा नसतो, तो वेळेवर थांबायला हवा.

तो थांबवणारे रेणू शरीर बनवतं ते मुख्यतः माशांच्या तेलातल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-3 मेदाम्लांपासून. इथे मुंबईकर नशीबवान आहे. बाजारात सगळ्यांच्या नजरा पापलेट-सुरमईवर असतात, पण तेलकट मासे म्हणजे तारली आणि बांगडा, तेही त्या मानाने स्वस्त. तारलीचे काटे काढत बसावं लागतं हे खरं. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण असेल तर रव्यात घोळवून तेलात सोडलेल्या तुकडीची मला तरी आठवण होत नाही. शाकाहारी मंडळींनी जवसाची चटणी जरूर खावी, पण त्यातल्या ओमेगा-3चं ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर फार थोडं होतं. त्यांच्यासाठी उसळीच मोलाच्या, कारण कडधान्यांतला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून निघणारं ब्युटिरेट आतड्याचं अस्तर शांत ठेवतं. प्रोटीन आणि चोथा एकाच वाटीत.

आणि हळद? हळदीत दाह कमी करणारा मानला जाणारा घटक, कर्क्युमिन, जेमतेम तीन टक्के, त्यातलंही फारच थोडं रक्तात उतरतं. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे ते कितीतरी पट वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. पण चाचण्यांमध्ये शेकडो मिलिग्रॅम देतात, चमचाभर हळदीत शंभरच्या आतच असतं. हळदीचं दूध घ्या, पण त्यातल्या दुधासाठी.

त्याहून उपयोगी म्हणजे स्नायूंना कामाला लावणं. आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-6 सोडतो, आणि गंमत म्हणजे व्यायामातून आलेला हा रेणू दाह शमवणाऱ्या रेणूंना चालना देतो. रेल्वे पुलाच्या पायऱ्या, आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा पाण्याच्या बाटल्या उचलणं, एवढंही चालतं. नुसतं प्रोटीन वाढवून, हालचालीशिवाय, स्नायू फारसा वाढत नाही.

हीच धग, म्हणजे रक्तातलं सीआरपी, मोजणारी एचएस-सीआरपी ही रक्तचाचणी करून घ्यायचीच असेल तर लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या खाली उत्तम, 3च्या वर जोखीम जास्त, असं धरतात. सर्दी-ताप असताना ती करू नये. आकडा 10च्या वर गेला तर बहुधा कुठला तरी संसर्ग चालू असतो. दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा करावी. आणि कंबर आटोक्यात असूनही तो सतत चढाच राहत असेल, तर महागडं सप्लिमेंट घेण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. हिरड्यांचा जुनाट आजारही हा आकडा वाढवतो.