क्ष-य गायब झाले म्हणजे गणित चुकले?

एकसामयिक समीकरणे (एकाच क्ष-य साठी एकत्र दिलेली दोन समीकरणे) प्रतिस्थापनाने, म्हणजे एकातून काढलेली किंमत दुसऱ्यात ठेवून, सोडवताना कधी कधी दोन्ही चल (क्ष आणि य) उडून जातात, शेवटी २१ = २१ असे काहीतरी उरते आणि वही खोडायला सुरुवात होते. 'चल उडाले की आकडेमोड चुकली' हा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय. तो खरा नाही.

२क्ष + य = ७ आणि ६क्ष + ३य = २१ ही जोडी घ्या. पहिल्यावरून य = ७ − २क्ष. ते दुसऱ्यात ठेवले की ६क्ष + २१ − ६क्ष = २१, म्हणजे २१ = २१. इथे काहीही चुकलेले नाही. दुसरे समीकरण म्हणजे पहिल्याचीच तिप्पट! आलेखावर दोन्हींची रेषा एकच, म्हणून उकली अनंत: (०, ७), (१, ५), (२, ३)... काही जण अशा वेळी 'क्ष = ०, य = ०' लिहून मोकळे होतात. ताडून तरी पाहा, ० + ० = ७ होते का?

आता दुसऱ्या समीकरणातल्या २१ च्या जागी २० ठेवा. २१ = २० मिळेल. हे असत्य आहे, कारण रेषा समांतर आहेत आणि उकलच नाही.

एक खरी चूक मात्र होते, आणि बहुधा समजाचे मूळ तिथेच असावे. पहिल्या समीकरणातून काढलेली य ची किंमत पुन्हा पहिल्यातच घातली, तर ७ = ७ येणारच. जोडी कुठलीही असो! त्यावरून काहीच ठरत नाही. किंमत दुसऱ्या समीकरणात घातली होती ना, एवढे आधी बघा. मगच खोडरबर उचला.