रोचेस्टरचा कोपरा का कोसळला?

'इंग्लंडच्या जॉन राजाने 40 डुकरे पेटवून रोचेस्टरचा किल्ला उडवला' अशी गोष्ट हौसेने सांगितली जाते. राजा खरा, 40 हा आकडाही खरा; 'उडवला' मात्र साफ चूक. 1215 साली इंग्लंडात बंदुकीची दारू पोहोचलीच नव्हती.

केंटमध्ये मेडवे नदीकाठी असलेल्या रोचेस्टरच्या नॉर्मन किल्ल्याचा मुख्य मनोरा 1127 पासून बांधला गेला. उंची सुमारे 34 मीटर, पायथ्याशी भिंत जवळपास 3.7 मीटर जाड. आज त्याला छप्पर नाही, मजले नाहीत, पण भिंती उभ्या आहेत. 1215 मध्ये बंडखोर सरदारांनी तो बळकावला आणि जॉनने वेढा घातला. दगडफेकी यंत्रे हरली, तेव्हा खणणारे कामाला लागले.

पद्धत अशी: पाया खालून पोखरत जायचे आणि काढलेल्या दगडांच्या जागी लाकडी टेकू देत जायचे. ढोबळ हिशेबाने इथे पायाच्या प्रत्येक चौरस मीटरवर 75 टनांच्या आसपास भार येतो. शेवटी पोकळीत जळण भरून टेकू जाळायचे.

कोपराच का निवडायचा? भिंतीच्या मधोमध भोक पाडले, तर वरचे दगड एकमेकांना रेटून आपोआप कमान धरतात आणि भार दोन्ही बाजूंना वळतो. खालचा थोडा भाग तेवढा ढासळतो. कोपऱ्यावर मात्र त्या कमानीला दुसरा खांदा मिळत नाही. कोपरा अधांतरी लोंबतो, वरच्या थरांत ताण येतो. दगड-चुन्याचे बांधकाम दाब भरपूर सोसते, ताण जवळजवळ नाही. त्यातून इतक्या जाड भिंतीच्या पोटात हवेतला कार्बन डायऑक्साइड फार हळू शिरतो, म्हणून आतला चुना पुरता घट्ट झालेला नसतो. तिथूनच चीर धावते.

आता चरबी. 25 नोव्हेंबरला जॉनने आपला मुख्य न्यायाधिकारी ह्युबर्ट द बर्ग याला लिहून 40 डुकरे मागवली: सर्वांत चरबीदार, खायला कमी चांगली. जाड टेकू पेटला की वर कोळशाचा थर धरतो आणि आतले लाकूड वाचते. अर्धवट जळलेले टेकू सर्वांत घातक, कारण ते कधी मोडतील याचा नेम नसतो आणि पुन्हा पेटवायला आत जाणारा जिवाला मुकतो. म्हणून आग प्रखर हवी आणि टिकायलाही हवी. चरबी किलोला सुमारे 37 मेगाज्यूल उष्णता देते, सुके लाकूड 16 च्या आसपास. वितळलेली चरबी काटक्यांत मुरते आणि काटक्याच वाती बनतात. तिला हवाही जास्त लागते. बोगद्याचे तोंड बुजले तर नुसता धूर कोंडतो.

डुकरे जिवंतच आत हाकल्याची रंगतदार कथा सोडून द्यावी, पत्रात तसे काही नाही. दगड वितळल्याचीही तीच गत. चुनखडी 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून कळीचा चुना होते, पण तो पृष्ठभागापुरता. काही तासांत उष्णता एवढ्या जाड भिंतीच्या पार जात नाही. काम केले ते जळालेल्या टेकूंनी आणि भिंतीच्या स्वतःच्या वजनाने.

दक्षिणेकडचा कोपरा कोसळला, तरी बंडखोर मनोऱ्याचे आतून दोन भाग करणाऱ्या भिंतीमागे लढत राहिले. 30 नोव्हेंबरला त्यांना शरण आणले ते उपासमारीने. जॉनचा मुलगा तिसरा हेन्री याच्या काळात तो कोपरा पुन्हा बांधला, पण गोल. बाकीचे तीन आजही चौकोनी आहेत.