सेप्टिक टाकी : निगा आणि उपसा

जेथे भुयारी गटार पोहोचलेले नाही, तेथे संडासाचा मैला घराच्या आवारातच कुजवण्यासाठी जमिनीखाली बांधलेली बंद टाकी. बोलण्यात तिला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. मूळ शब्द ‘सेप्टिक’, म्हणजे कुजवणारी. इंग्लंडमधील एक्सिटर येथे डॉनल्ड कॅमरन यांनी बांधलेल्या टाकीमुळे १८९० नंतरच्या दशकात हे नाव रूढ झाले. सुरक्षिततेशी त्याचा संबंध नाही. घरातली सर्वांत धोक्याची जागा हीच असते.

मैला टाकीत आला की जड भाग तळाशी बसतो, हलका व तेलकट भाग वर सायीसारखा धरतो आणि मधले गढूळ पाणी शोषखड्ड्यात जाते. हवेविना जगणारे जिवाणू तळाचा गाळ कुजवून कमी करतात, पण संपवत नाहीत. जेवढे पाणी आत येते तेवढेच बाहेर पडते, त्यामुळे चालू टाकी पाणी बाहेर नेणाऱ्या नळीपर्यंत कायम भरलेलीच असते. ‘आमची टाकी अजून भरली नाही’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. भरत जातो तो गाळ. तो चढला की मैल्याला बसायला उसंत मिळत नाही, तो पाण्याबरोबर पुढे सरकतो, शोषखड्डा बुजतो आणि मग संडास तुंबतो. तोवर बिघाड फार पुढे गेलेला असतो.

कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी झटकन मुरते, म्हणून टाकीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. पण त्याच आवारात पिण्याची विहीर असते. भारतीय मानक २४७० नुसार शोषखड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर हवा. घाटावरच्या काळ्या मातीत पाणी मुरतच नाही आणि पावसाळ्यात तक्रारी सुरू होतात.

रोजची निगा सोपी आहे. सॅनिटरी पॅड, डायपर, कापड, प्लास्टिक, खरकटे तेल संडासात टाकू नये. ॲसिड व फिनाईल बेताने वापरावे, कारण जिवाणू मेले तर कुजणे थांबते. वायुनळीची जाळी शाबूत ठेवावी, नाहीतर टाकी डासांचे घर होते. नवी टाकी पाण्याने भरून सुरू करतात आणि विरजण म्हणून जुन्या टाकीतला गाळ किंवा थोडे कुजलेले शेण घालतात. बाजारातल्या जिवाणूंच्या पुड्यांनी उपसा टळत नाही.

उपसा साधारण दोन ते तीन वर्षांनी व्हावा. गाळ मोजायला लांब बांबूला पांढऱ्या फडक्याची पट्टी गुंडाळून झाकणातून तळापर्यंत सोडतात. जेथवर फडके काळे होते तेथवर गाळ. गाळ आणि वरची साय मिळून निम्म्या खोलीवर गेली की मैला ओढणारी सक्शन गाडी बोलवावी. झाकणावर वाकून पाहू नये, काडी पेटवू नये.

आपल्याकडे मोठी टाकी बांधून ‘आता वीस वर्षे बघायला नको’ म्हणण्याची पद्धत आहे. तिचा परिणाम भयंकर आहे. वर्षानुवर्षे न हललेला गाळ तळाशी घट्ट बसतो, सक्शन गाडीचा पाइप तो ओढू शकत नाही आणि मग कोणीतरी फावडे देऊन आत माणूस उतरवतो. आत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन साचलेले असतात, प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास कुजक्या अंड्यासारखा, पण प्रमाण वाढले की नाकाला तो कळेनासाच होतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि एकाच टाकीत दोघे-तिघे जातात. तेव्हा वेळेवर उपसा करणे म्हणजे कोणाचा तरी जीव वाचवणे आहे. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा घरमालकालाही लागू आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरवली होती, ती २०२३ मध्ये ३० लाख केली.

गाडी आल्यावर दोन्ही कप्प्यांची झाकणे उघडायला लावावीत. पुष्कळदा फरशी बसवताना झाकणेच गाडली जातात. बांधतानाच ती वर ठेवावीत. पाणी टाकून गाळ ढवळून ओढतात, पण तळाशी बोटा-दोन बोटांचा थर विरजणासाठी राहू द्यावा, टाकी घासून धुऊ नये. भर पावसात उपसा टाळावा; भूजल चढलेले असताना रिकामी प्लास्टिकची टाकी जमिनीतून उचलली जाते. आणि गाडी माल कुठे ओतते हे जरूर विचारावे. ओढ्यात ओतला तर आपल्या घरची घाण खालच्या वस्तीच्या पाण्यात गेली.

साताऱ्यातील वाई आणि नाशिकमधील सिन्नर या नगरपरिषदांनी हे काम घरमालकाच्या आठवणीवर सोडले नाही. तेथे पाळीपाळीने उपसा होतो, घरोघरी साधारण तीन वर्षांतून एकदा, आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. गाडीवाल्याला दारात पैसे द्यावे लागत नाहीत. खर्च करातून भागतो.