जे लहान होत नाही

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी घरी बांधत असलेल्या जहाजाच्या मॉडेलची मधली डोलकाठी वाकली. सगळी नाही, तिचा अगदी वरचा, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा शेंडा. कुणाचा हात लागला नव्हता, खिडकीही बंद होती. मार्चमध्ये मी सगळे दोर सुती धाग्याचे ओढले होते, छान ताणून बांधले होते. पाऊस लागला, हवा दमट झाली आणि सुताने पाणी शोषलं. कापसाचा तंतू ओला झाला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. पीळ असलेल्या धाग्यात फुगलेल्या तंतूंना एकमेकांभोवती मोठा वळसा घ्यावा लागतो आणि तेवढी लांबी धाग्यातून कमी होते. म्हणून ओला दोर आखडतो. खऱ्या शिडाच्या जहाजांवरही हेच व्हायचं, पाऊस आला की खलाशी दोर सैल करायचे. माझे दोर सैल करायला कुणी नव्हतं, त्यामुळे सगळा ताण त्या शेंड्यावर आला.

जहाज आहे ‘त्रिंकोमाली’. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलेली ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ती मलबारी सागवानात बांधली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि ब्रिटनची अजूनही पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ओळखली जाते. तिचे आराखडे मुंबईला निघाले होते ‘जावा’ नावाच्या जहाजावरून. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवलं आणि जाळून टाकलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. मुंबईत बांधलेलं इतकं देखणं जहाज मुंबईतल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्याचं मॉडेल बांधायला घेण्यामागे हेही एक कारण होतं.

मी निवडलेलं प्रमाण १:९६. तोफांच्या डेकची लांबी सुमारे ४६ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर ४८ सेंटीमीटर. १६५ सेंटीमीटर उंचीचा खलाशी होतो १७ मिलिमीटरचा. इथपर्यंत गणित सोपं आहे, सगळ्याला ९६ने भागायचं. अडचण अशी की निसर्ग सगळ्याला ९६ने भागत नाही.

वजनाचंच बघा. लांबी ९६ने भागली की पृष्ठभाग ९६ गुणिले ९६ने भागला जातो आणि आकारमान आणखी एकदा ९६ने, म्हणजे जवळजवळ नऊ लाखांनी. खरी ‘त्रिंकोमाली’ साधारण १४५० टन पाणी बाजूला सारते. माझं मॉडेल पाण्यात सोडलं आणि खऱ्या जलरेषेपर्यंत बुडायला हवं असेल, तर त्याचं वजन १.६ किलो भरायला हवं. ते जमेल. पण शिडं उभारून त्याच वाऱ्यात सोडलं तर ते क्षणात आडवं होईल. वाऱ्याचा दाब शिडाच्या क्षेत्रफळावर काम करतो, म्हणून जहाज कलंडवणारा जोर लांबीच्या घनाने घटतो. ते सरळ करणारा जोर मात्र वजन आणि अंतर या दोन्हींवर अवलंबून असतो, तो लांबीच्या चौथ्या घाताने घटतो. हिशेब केला तर माझं जहाज खऱ्यापेक्षा ९६ पट हळवं निघतं. तळ्यात सोडायच्या शिडाच्या नौकांना खाली लांब दांडा आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा लावतात तो यासाठी. खऱ्या ‘त्रिंकोमाली’ला तसलं काही नाही.

लाटाही नीट लहान होत नाहीत. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८७२मध्ये टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून त्यात मेणाची जहाजं ओढली. त्याचा नियम असा, की मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी केला तर लाटांचा नमुना खऱ्यासारखा उठतो. ९६चं वर्गमूळ सुमारे ९.८, म्हणजे दहा नॉटने, ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरने, जाणारी ‘त्रिंकोमाली’ माझ्या टबात सेकंदाला अर्धा मीटर सरकली की बस. पण साधारण पावणेदोन सेंटीमीटरपेक्षा आखूड लाटांवर गुरुत्वाकर्षणाऐवजी पाण्याच्या पृष्ठताणाचं, म्हणजे पृष्ठभाग ताणलेल्या कातडीसारखा आखडून धरणाऱ्या ओढीचं, राज्य चालतं, आणि पृष्ठताण काही मॉडेलबरोबर लहान होत नाही. सिनेमात हौदातलं वादळ चटकन ओळखू येतं, कारण पाण्याचे थेंब बोटीच्या मानाने प्रचंड दिसतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यात लाटा सोडतात. तिथे मॉडेल इतकी ऐसपैस का, तर एक कारण हेच.

माझं जहाज पाण्यात जाणार नाही, कपाटावर राहणार आहे. पण कपाटावरही हे सगळे नियम भेटतातच.

सुरुवातीला मला वाटलं होतं, खरं जहाज सागवानाचं, तर मॉडेलही सागवानाचंच हवं. चूक होती. सागाच्या लाकडातली छिद्रं डोळ्यांना दिसतात, पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. ९६ने गुणलं की प्रत्येक छिद्र दोन-अडीच सेंटीमीटरचं. असली फळी लावलेलं जहाज पोखरल्यासारखं दिसतं. हवं ते बारीक पोताचं, एकसारखं लाकूड. परदेशात बॉक्सवुड किंवा पेअरचं लाकूड वापरतात. आपल्याकडचा हेदू या कामाला उत्तम आहे. पिवळसर, दाट, रेषा जवळजवळ न दिसणारा. पूर्वी त्याच्या फण्या करायचे, यावरून त्याचा पोत कळावा.

त्याच्या एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या अर्धा तास पाण्यात ठेवून गरम पितळी नळीवर हळूहळू वळवायच्या. लाकडातले सेल्युलोजचे तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरलेले असतात. ओलं लिग्निन पाणी उकळण्याच्या जवळपासच्या तापमानाला मऊ पडतं, तंतू एकमेकांवर किंचित सरकतात, आणि गार झालं की नव्या वळणात घट्ट होतं. वाडियांच्या गोदीतल्या जाड फळ्यांनाही वाफेने याच रीतीने वळण लागायचं. इथे मोठं आणि लहान यांत फरक पडत नाही, कारण तापमानाला लांबी नसते. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, वळणावर पहिली पट्टी न तडकता बसली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

दोरांनी मात्र सर्वांत जास्त छळलं. डेकवर दोराची वेटोळी कशी पडलेली असतात? जड, सैल, एकावर एक. माझी वेटोळी स्प्रिंगसारखी उभी राहत. दोराचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. त्याची वजनाशी तुलना करून लांबीचा हिशेब घातला, तर ९६ पट लहान केलेला तोच दोर वजनाच्या मानाने ९६ पट ताठ होतो. झेंडा लोंबत नाही तो त्यामुळेच, आणि शिडाला पोटही येत नाही. शिवाय साधं कापड ०.२ मिलिमीटर जाड धरलं तरी खऱ्या जहाजावर ते दोन सेंटीमीटर जाडीचं शीड झालं. म्हणून अनेक जण शिडं लावतच नाहीत, मीही लावली नाहीत. दोरांची वेटोळी खिळ्यांभोवती गुंडाळली, पाणी घातलेला फेव्हिकॉल चोळला आणि बोटांनी दाबून त्यांना वजन असल्याचा आकार दिला. जुलैनंतर सगळे दोर पॉलिएस्टरचे केले. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही.

रंगाबद्दल मॉडेलवाल्यांमध्ये जुना वाद आहे. खऱ्या जहाजाचा नेमका रंग मॉडेलवर लावला तर तो गडद आणि भडक वाटतो, म्हणून त्यात पांढरा मिसळावा असं बरेच जण सांगतात. कारण देतात ते हवेचं. दूरचे डोंगर फिके दिसतात, तसं दूरचं जहाजही फिकं दिसतं. मी हिशेब करून पाहिला. माझं मॉडेल ४० सेंटीमीटरवरून बघणं म्हणजे खरं जहाज ३८ मीटरवरून बघणं. दहा किलोमीटरपर्यंत दिसत असेल अशा दिवशी ३८ मीटर हवेने रंगाच्या उठावात फरक पडतो दीड टक्क्याचा. डोळ्याला कळणारही नाही. १:७०० प्रमाणात, म्हणजे जपानच्या शिझुओकातल्या कंपन्यांनी १९७१पासून ज्या युद्धनौकांचे संच काढले त्यांत, तेच अंतर २८० मीटर होतं आणि फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो. तिथे हवेचं कारण पटतं. माझ्या जहाजाला ते लागू नाही.

तरीही माझा काळा रंग जास्तच काळा दिसत होता. माझ्या मते खरं कारण उजेड आहे. दुपारच्या उन्हात एक लाख लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, घरातल्या दिव्याखाली तीनशे. उजेड कमी झाला की डोळ्याला रंग कमी रसरशीत दिसतात, हे हंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५२मध्ये दाखवलं. उन्हातला काळा रंग राखाडी झाक दाखवतो, आकाश त्यात परावर्तित होतं. घरात तो नुसता खड्डा होतो. म्हणून मी शुद्ध काळा टाकून त्यात थोडा तपकिरी आणि पांढरा मिसळला, वर मंद चकाकीचं वॉर्निश दिलं. ब्रशही सोडला. ब्रशचा थर वाळून ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो, प्रमाणाने अर्धा सेंटीमीटर, आणि त्याखाली फळ्यांच्या सांधी बुजतात. हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने तो प्रमाणाने मिलिमीटरभरावर आला. सांधींत पातळ केलेला गडद रंग ब्रशच्या टोकाने नुसता टेकवायचा. केशाकर्षणाने तो स्वतःच फटीतून बोटभर धावत जातो. इथे पृष्ठताण आपल्या बाजूने काम करतो.

तळाला तांबं आहे. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचण्यासाठी त्या काळी तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढवत, एकेक पत्रा चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद. रंगीत काचकामात वापरतात ती तांब्याची चिकटपट्टी कापून मी पावणेतेरा मिलिमीटरचे तुकडे लावले. त्यावर वॉर्निश मारलं नाही. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढण्याचा वेग जहाज केवढं आहे हे विचारत नाही. मार्चमधलं गुलाबी तांबं दिवाळीपर्यंत तपकिरी झालं, अगदी हवं तसं. फक्त सुकाणूच्या डाव्या बाजूला, चिकटवताना हातमोजा काढला होता तिथे, घामातल्या मिठाने माझ्या अंगठ्याचा ठसा काळपट उमटला आहे. ९६ने गुणलं तर तो दोन मीटर उंच भरतो. मी तो पुसलेला नाही.